कारखाना येतो, रुजतो का?

भांडवल-गुंतवणुकीच्या घोषणांना आता हंगाम उरलेला नाही. त्या बारमाही झाल्या आहेत. आज एका राज्याच्या राजधानीत उद्योगपतींचा मेळावा, उद्या शेजारच्या राज्याचे मंत्री परदेशी रवाना, परवा सामंजस्य-करारावर सह्या आणि तेरवा वृत्तपत्रांतून पानभर छायाचित्रे, असा हा क्रम ठरून गेला आहे. या सर्व घोषणांत मानाचे पान असते ते वाहनउद्योगाचे. आकडा हजार कोटींच्या खाली सहसा उतरत नाही. वाचकांचे डोळे दिपावेत हाच या आकड्यांचा हेतू असेल, तर तो पुरेपूर साध्य होतो. परंतु दिपलेल्या डोळ्यांना पुढची वाट दिसत नाही, हेही तितकेच खरे. कारखाना येणे आणि कारखाना रुजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी जमीन, सवलती आणि सह्या पुरतात. दुसरीसाठी काय लागते, याचा विचार घोषणेच्या दिवशी कोणी करीत नाही. गोमंतकासारख्या चिमुकल्या राज्याने तरी तो अत्यंत काटेकोरपणे करावयास हवा. कारण मोठ्या राज्याला एखादी चूक पचते, लहान राज्याला ती पिढीभर पुरते.

वाहनउद्योगाचा सर्वांना मोह का पडावा, हे समजण्याजोगे आहे. मोटार एका कारखान्यात तयार होत नाही. तेथे ती केवळ जुळविली जाते. तिचे हजारो सुटे भाग शेकडो लहानमोठ्या कारखान्यांतून येतात. कोणी ओतकाम करतो, कोणी घडाई करतो, कोणी पत्रा दाबून त्याला आकार देतो; कोणी रबर, कोणी काच, कोणी रंग, कोणी विजेच्या तारांचे जुडगे, तर कोणी आसने पुरवितो. त्यामागून मालवाहतूक येते, दुरुस्तीची दुकाने येतात, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या येतात. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा ही म्हण वाहनउद्योगाला जितकी शब्दशः लागू पडते, तितकी अन्य कोणत्याही उद्योगाला पडत नाही. म्हणूनच एका मोठ्या मोटार-कारखान्यासाठी पाच राज्ये रांगेत उभी राहतात. परंतु ही यात्रा आपोआप घडते, असा जो समज रूढ झाला आहे, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे.

यासाठी फार दूर जावयास नको. पुण्याचे उदाहरण पुरेसे आहे. पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांचे जे अरण्य उभे राहिले, त्याची बीजे कोणा एका करारात नव्हती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याने जमीन, पाणी व रस्ते यांची आखणी आधी केली. किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना खडकीला १९४६ पासूनच होता. नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये भारत फोर्जची स्थापना करून घडाईच्या कामाचा पाया घातला. वाहनांची चाचणी व संशोधन करणारी एआरएआय ही संस्था १९६६ मध्ये पुण्यात आली. त्याच वर्षी टेल्कोने आपल्या पुण्याच्या प्रकल्पास प्रारंभ केला. आणि येथून पहिले वाहन बाहेर पडले ते केव्हा? १९७७ मध्ये! मधली अकरा वर्षे हा कारखाना झोपी गेलेला नव्हता. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे यंत्रे बनविणारी यंत्रे तयार होत होती, साचे तयार होत होते आणि मुख्य म्हणजे माणसे तयार होत होती. शिकाऊ कामगारांची शाळा आधी आणि जुळणीचा पट्टा नंतर, असा तो क्रम होता. त्या शाळेतून आणि हत्यार-विभागातून बाहेर पडलेल्या शेकडो तरुणांनी पुढे भोसरीत, चिंचवडात आपापली छोटी कारखानदारी थाटली. पुण्याची वाहनसमृद्धी ही त्या अकरा वर्षांच्या धीराची फळे आहेत. आज निवडणुकीपूर्वी कोनशिला आणि पुढच्या निवडणुकीपूर्वी उद्‌घाटन एवढाच ज्यांचा काळ आहे, त्यांनी हा इतिहास पुन्हा एकदा वाचून काढावा.

आता दुसऱ्या बाजूचे चित्र पाहू. बडोद्याजवळच्या हालोल येथे जनरल मोटर्सने १९९६ मध्ये मोटारींचे उत्पादन सुरू केले. एकवीस वर्षांनी, २०१७ च्या एप्रिलमध्ये, त्या कारखान्याला टाळे लागले. दैव बरे म्हणून चिनी मालकीच्या एमजी मोटर कंपनीने तो विकत घेतला आणि २०१९ मध्ये तेथून नव्या नावाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुण्याजवळच्या तळेगावची कथा याहून करुण आहे. तेथे त्याच कंपनीचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात, कोविडच्या ऐन कहरात, बंद पडला. तो घेण्यासाठी ग्रेट वॉल ही चिनी कंपनी पुढे आली होती आणि २०२० च्या जूनमध्ये महाराष्ट्र शासनाशी तिचा सामंजस्य-करारही झाला होता. पण त्याच महिन्यात गलवानच्या खोऱ्यात रक्त सांडले आणि तो करार कागदावरच राहिला. २०२२ मध्ये कंपनीने माघार घेतली. अखेर २०२३ च्या ऑगस्टमध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तेथील यंत्रे पुन्हा फिरू लागली.

शेवट गोड झाला, असे कोणी म्हणेल. परंतु २०२० ते २०२५ या पाच वर्षांत त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर जे हजाराहून अधिक कामगार राहिले, त्यांचे काय? ते संघटनेमार्फत न्यायालयात गेले, उपोषणास बसले, मंत्र्यांचे उंबरठे त्यांनी झिजविले. ह्युंदाईने जो खरेदी-करार केला, त्यात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रसामग्रीही होती. माणसे मात्र नव्हती. यंत्रांना वारस मिळाला. यंत्रे चालविणारे हात बेवारस राहिले. तिशीत कामाला लागलेला माणूस बेचाळिशीत नव्याने शिकाऊ म्हणून कोठे उभा राहणार? त्याचे घराचे हप्ते कोणी भरावयाचे? मुलांच्या शाळेचे शुल्क कोणी द्यावयाचे? आणि हे सर्व घडले ते कोठे? ज्या पट्ट्यात वाहनउद्योग सर्वाधिक रुजलेला आहे, त्या पुणे जिल्ह्यात. मग नवख्या प्रदेशात अशी वेळ आल्यास काय घडेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हे अटळ होते काय? नव्हते, आणि त्याचा पुरावा गुजरातेतच आहे. साणंद येथे फोर्ड कंपनीने २०१५ मध्ये कारखाना उघडला आणि २०२१ च्या सप्टेंबरात भारतातील उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. तेथेही कामगारांवर तीच पाळी येणार होती. परंतु तेथे २०२२ मध्ये टाटांची कंपनी, फोर्ड आणि गुजरात सरकार यांच्यात त्रिपक्षीय समझोता झाला. सुमारे ७२५ कोटी रुपयांना कारखान्याचा व्यवहार होऊन २०२३ च्या जानेवारीत तो पूर्ण झाला, आणि वाहन-कारखान्यातील पात्र कर्मचाऱ्यांना नव्या मालकाकडे नोकरी देऊ करण्यात आली. दोन्ही ठिकाणी परदेशी कंपनी गेली, दोन्ही ठिकाणी नवा मालक आला. अंतर पडले ते एवढेच की एका ठिकाणी हस्तांतराच्या कागदावर कामगाराचे नाव लिहिले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी ते राहून गेले. कागदावरचे एक कलम शेकडो चुलींचे भवितव्य ठरविते, हा यातला धडा आहे. राज्यकर्त्यांनी तो ध्यानात ठेवला नाही, तर पुढील दोषही त्यांच्याच पदरी पडेल.

साणंदच्या इतिहासात आणखीही एक बोध आहे. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे जमीन-संपादनावरून उसळलेल्या आंदोलनानंतर टाटांनी २००८ च्या ऑक्टोबरात आपला नॅनो प्रकल्प तेथून हलविला आणि तो साणंदला नेला. २०१० मध्ये तो तेथे उभा राहिला. नॅनो ही गाडी पुढे चालली नाही. २०१८ पर्यंत तिचे उत्पादन जवळजवळ थांबले. ज्या गाडीसाठी एवढे रामायण घडले ती इतिहासजमा झाली, परंतु कारखाना टिकला, कारण त्याच पट्ट्यावर दुसऱ्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि भोवती जमलेले पुरवठादार कायम राहिले. इकडे सिंगूरची जमीन शेतकऱ्यांना परत करावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या ऑगस्टमध्ये दिला. तात्पर्य, एखादे वाहन लोकप्रिय होईल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून राज्याने पैज लावावयाची ती वाहनावर नव्हे, तर ते बनविण्याच्या कौशल्यावर. आणि जमीन घ्यावयाची ती मालकाची संमती घेऊन. लाठीच्या बळावर घेतलेली जमीन ना उद्योगाला लाभते, ना सरकारला.

आपल्या देशात प्रत्येक वाहनकेंद्राला 'भारताचे डेट्रॉइट' म्हणवून घेण्याची मोठी हौस आहे. चेन्नईला ते बिरुद मिळाले, पुण्याला मिळाले, इंदूरजवळच्या पिथमपूरलाही मिळाले. पिथमपूरने एकोणीसशे ऐंशीच्या दशकात आयशर, बजाज टेंपो, कायनेटिक-होंडा यांसारखे कारखाने आणून माळव्याच्या औद्योगिक जीवनाला वळण दिले, हे निर्विवाद. पण ज्या नगराचे नाव आपण भूषणाने मिरवितो, त्या अमेरिकेतील डेट्रॉइटची आज अवस्था काय आहे? १९५० साली त्याची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. २०२० च्या शिरगणतीत ती साडेसहा लाखांच्या आत आली. २०१३ च्या जुलैत त्या नगरपालिकेने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. एकाच उद्योगावर विसंबून राहिलेल्या गावाचे असे होते. डेट्रॉइट व्हावयाचे असेल तर कोणते, १९५० सालचे की २०१३ सालचे, हे बिरुद घेण्यापूर्वी ठरविलेले बरे!

रोजगाराचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. २०२४ च्या जुलैत टोयोटा-किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगर येथील प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी करार केला. त्या वेळी सांगण्यात आलेली गुंतवणूक सुमारे २०,००० कोटी रुपयांची आणि प्रत्यक्ष रोजगार सुमारे ८,००० जणांचा. साधा भागाकार केला तर एका नोकरीमागे अडीच कोटी रुपये पडतात. यात त्या कंपनीचा काही दोष नाही. आजच्या मोटार-कारखान्यात जोडकाम यंत्रमानव करतात, रंगही तेच देतात. परंतु सामान्य माणसाने कोटींचा आकडा ऐकून नोकऱ्यांचा अंदाज बांधू नये, एवढा बोध यातून घ्यावयास हरकत नाही. भांडवल वाढले म्हणजे त्याच प्रमाणात रोजगार वाढतो, हे समीकरण कधीच कालबाह्य झाले आहे.

शिवाय, ज्या नोकऱ्या निर्माण होतात त्या कोणत्या प्रकारच्या? एकाच पट्ट्यावर, एकाच तऱ्हेचे काम करणारे कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार असे तीन वर्ण आज वाहनउद्योगात नांदत आहेत. काम एक, गणवेश निराळा आणि वेतन तर फारच निराळे. हरियाणातील मानेसर येथे २०१२ च्या जुलैत मोटार-कारखान्यात जो हिंसाचार झाला आणि ज्यात एका अधिकाऱ्याचा प्राण गेला, त्याचे समर्थन कोणीही विचारी माणूस करणार नाही. परंतु त्यापूर्वी कितीतरी दिवस कंत्राटी कामगारांच्या वेतनाचा प्रश्न तेथे धुमसत होता, हेही विसरता येणार नाही. त्यातच २०२५ च्या नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची संमती घेण्याचे बंधन आता तीनशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरतेच उरले आहे; पूर्वी ही मर्यादा शंभरावर होती. ज्या राज्यातील बहुतेक कारखाने लहान आहेत, त्या गोमंतकातील कामगाराला या बदलाचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको.

येथवर आम्ही शेजाऱ्यांची उणीदुणी काढली. आता आपल्या घराकडे वळू. गोमंतकात वाहनउद्योग नाही, असा एक समज बाहेर आहे आणि दुर्दैवाने आतही आहे. वस्तुस्थिती तशी नाही. फोंडे तालुक्यातील उसगाव येथे एमआरएफचा टायर-कारखाना एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी आला. १९८० मध्ये आर्थिक विकास महामंडळ आणि टेल्को यांच्या संयुक्त विद्यमाने ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा या कंपनीची स्थापना झाली. सत्तरी तालुक्यातील होंडा येथे पत्र्याचे दाबकाम आणि भुईपाल येथे बसगाड्यांची बांधणी असा तिचा व्याप आहे. त्याच वर्षी प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी कदंब परिवहन महामंडळही जन्मास आले. म्हणजे बस बांधणारी कंपनी आणि बस चालविणारे महामंडळ ही गोमंतकाची जुळी अपत्ये आहेत. सत्तरीत बांधलेल्या बसगाड्या आखाती देशांच्या व आफ्रिकेच्या रस्त्यांवरही धावल्या. पोर्तुगीज अमदानीत 'कारेर'मधून खडखडत प्रवास करणाऱ्या पिढीला ही गोष्ट कोणी सांगितली असती, तर ती थट्टा वाटली असती!

परंतु पंचेचाळीस वर्षांनंतर विचारावयाचा प्रश्न हा की, होंडा आणि भुईपालच्या भोवती काय उभे राहिले? त्या कारखान्यांनी सत्तरी-डिचोलीतील घरांना वेतन दिले, हे मोठेच काम झाले. पण पुण्याभोवती जसे पुरवठादारांचे जाळे विणले गेले, तसे येथे विणले गेले नाही. याची कारणे उघड आहेत. बस-कारखान्याचा मुख्य ग्राहक त्याची प्रवर्तक कंपनीच. तिच्या मागणीत भरती आली की येथे भरती, ओहोटी आली की येथे ओहोटी. कोविडच्या काळात शाळा आणि पर्यटन बंद पडून देशभर बसगाड्यांची मागणी कोसळली, तेव्हा हे परावलंबन किती महाग पडते ते दिसले. दुसरे कारण असे की सत्तरी-डिचोलीच्या तरुणाला खाणीवरची मालवाहू गाडी अधिक जवळची वाटली. लोखंडाचे खनिज होते तोवर गाडीच्या चाकामागे बसणे हे गाडी बनविण्यापेक्षा अधिक लाभाचे होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या, आणि कर्ज काढून घेतलेल्या गाड्या अंगणात गंजत राहिल्या. गाडी चालविणारा उपाशी राहिला, त्या काळात गाडी बांधणारे हात आपण अधिक संख्येने तयार केले असते तर? हा प्रश्न आज विचारला पाहिजे, कारण उद्या तो विचारून उपयोग होणार नाही.

गोमंतकीय माणूस उद्योगाचा शत्रू आहे, असा आरोप अधूनमधून केला जातो. १९९४-९५ मधील नायलॉन ६,६ विरोधी लढा, २००७ च्या अखेरीस रद्द करावी लागलेली विशेष आर्थिक क्षेत्रे, २०२१ च्या जानेवारीत शेळ-मेळावलीच्या ग्रामस्थांपुढे सरकारने घेतलेली माघार ही उदाहरणे त्यासाठी पुढे करण्यात येतात. आम्हास हा आरोप मान्य नाही. या तिन्ही वेळी लोकांचा विरोध होता तो आपल्याला अंधारात ठेवून, आपल्या पाण्याचा आणि जमिनीचा सौदा परस्पर केला गेला याला. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणाची तरी शेती, कुळागर किंवा देवराई असते. याच सत्तरीत बसचा कारखाना पंचेचाळीस वर्षे चालला आहे. तेव्हा विरोध उद्योगाला नसून लपवाछपवीला आहे, हे सरकारने एकदा मनोमन मान्य केले तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील.

मग गोमंतकाने करावे काय? हजारो एकर मागणारा मोटारींचा प्रचंड कारखाना आपल्याला परवडणारा नाही. तसा हट्टही कोणी धरू नये. परंतु बसबांधणी हा उद्योग निराळ्या प्रकृतीचा आहे. बसचा सांगाडा जोडणे, पत्रे चढविणे, आसने बसविणे, काचा व तारा लावणे, रंग देणे या कामांत अजूनही माणसाच्या हाताला व नजरेला मोल आहे. निरनिराळ्या ग्राहकांना निरनिराळ्या रचनेची बस लागते. त्यामुळे यंत्रमानवाला येथे मोटारीइतके मोकळे रान मिळत नाही. थोड्या जागेत अधिक माणसांना काम देणारा, फार पाणी न मागणारा आणि समुद्रमार्गे निर्यात करता येणारा हा उद्योग आहे. बसबांधणीसाठी आता सुरक्षिततेचे कडक राष्ट्रीय नियम लागू झाल्यामुळे रस्त्याकडेच्या मांडवात बस बांधण्याचे दिवस संपले आहेत. ज्यांच्यापाशी शिस्तबद्ध कारखाना व अनुभवी कारागीर आहेत, त्यांनाच पुढचा काळ अनुकूल आहे. गोमंतकापाशी हे दोन्ही थोड्या प्रमाणात का होईना, आहेत. अशा वेळी नव्या पाहुण्यांसाठी पायघड्या घालताना घरच्या या कर्त्या मुलाकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे नाही.

याला जोडून प्रादेशिक दृष्टीही हवी. होंड्याहून चोर्ला घाट चढला की बेळगाव येते. तेथील उद्यमबागेत आणि त्यापलीकडे कोल्हापुरात ओतकामाची फार मोठी परंपरा आहे. वाहनाचा एकही मोठा कारखाना दारात नसताना बेळगाव-कोल्हापूरच्या ओतशाळांनी देशभरच्या वाहनांना सुटे भाग पुरविले. थोडे पुढे धारवाडला बसबांधणीचा मोठा कारखाना आहे. म्हणजे मुरगाव बंदरापासून धारवाडपर्यंतच्या पट्ट्यात वाहनउद्योगाचे सारे अवयव विखुरलेले आहेत. ते जोडले मात्र गेलेले नाहीत. राज्यांच्या सीमांचे वाद न्यायालयात चालतील तेव्हा चालोत. ओतलेल्या लोखंडाला आणि दाबलेल्या पत्र्याला कोणती भाषा असते? तीन राज्यांच्या उद्योगखात्यांनी एकत्र बसून या पट्ट्याचा विचार केला, तर त्यात सर्वांचेच हित आहे.

आणि हा विचार तातडीने व्हावयास हवा, कारण वाहनाचा आत्माच आता बदलत आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिन नसते. इंजिनच नाही म्हटल्यावर त्याचा ओतीव ठोकळा नको, दट्ट्या नको, दंतचक्रांची भलीमोठी पेटी नको, धुराची नळी नको. ज्या ओतशाळांनी दोन पिढ्या इंजिनाच्या ठोकळ्यांवर काढल्या, त्यांच्या दाराशी हे संकट येऊन उभे आहे. उलट बसचा सांगाडा, पत्रा, आसन, काच, टायर यांना विजेच्या गाडीतही मरण नाही. एवढेच नव्हे, तर जड विद्युत्‌घटांचा भार पेलण्यासाठी हलका व मजबूत सांगाडा बांधण्याच्या कौशल्याला अधिकच मोल येणार आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वाहनउद्योगासाठी सुमारे २६ हजार कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना जाहीर केली आणि २०२४ मध्ये विजेच्या वाहनांसाठी १०,९०० कोटींची आणखी एक योजना आणली. या गंगेत हात धुऊन घेण्याची तयारी ज्यांनी आधी केली असेल, त्यांनाच तिचा लाभ होईल; इतरांनी वरातीमागून घोडे दामटून काय साधणार?

म्हणून सरकारपाशी आमचे काही स्पष्ट मागणे आहे. उद्योगाशी होणारा प्रत्येक करार, त्यातील जमिनीचा दर, करसवलत व वीजदर यांसह, विधानसभेच्या पटलावर ठेवला जावा. जो पैसा जनतेचा, त्याचा हिशेब जनतेला कळला पाहिजे. सवलती एकरकमी न देता टप्प्याटप्प्याने द्याव्यात. आणि त्या गुंतवणुकीच्या आकड्याशी नव्हे, तर प्रत्यक्ष हजेरीपटावर असलेल्या कायम नोकऱ्यांशी व स्थानिक पुरवठादारांकडून केलेल्या खरेदीशी बांधाव्यात. कारखाना विकला गेल्यास कामगारांचे काय, हे कलम पहिल्याच करारात असावे. तळेगावसारखे ते शेवटी शोधावे लागू नये. औद्योगिक वसाहतीतील भूखंड घेऊन त्यावर गवत वाढविणाऱ्यांकडून तो ठराविक मुदतीनंतर परत घेतला जावा. म्हणजे नव्या जमिनीसाठी कोणाच्या कुळागरावर नजर टाकावी लागणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सत्तरी-डिचोलीतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत बसबांधणी, जोडकाम आणि विजेच्या वाहनांची जुळणी यांचे शिक्षण कारखान्यांच्या भागीदारीत सुरू व्हावे. कदंबाच्या ताफ्यासाठी ज्या बसगाड्या घेतल्या जातात, त्यांतील बांधणीचे काम शक्य तेवढे येथील कारागिरांच्या हाती पडेल अशी निविदांची रचना करणेही कायद्याच्या चौकटीत अशक्य नाही.

अशा अटी घातल्या तर उद्योग पळून जातील, अशी भीती लगेच दाखविली जाईल. ही भीती निराधार नाही, पण अतिरंजित आहे. उद्योगाला सवलत आवडते, यात शंका नाही. मात्र तो केवळ सवलतीसाठी येत नाही. त्याला अखंड वीज हवी असते, चांगला रस्ता हवा असतो, जवळ बंदर हवे असते, वेळेवर परवाना हवा असतो आणि शिकलेला कामगार हवा असतो. या पाच गोष्टी जेथे आहेत तेथे तो रास्त अटी मान्य करतो. जेथे त्या नाहीत तेथे फुकट जमीन दिली तरी सवलतीची मुदत संपताच तो गाशा गुंडाळतो. साणंदच्या व्यवहारात सरकार तिसरा पक्ष म्हणून बसले, म्हणून गुजरातेत उद्योग येणे थांबले, असे कोणी म्हणू शकेल काय? उलट, विकसनाच्या स्पर्धेत एकमेकांपेक्षा अधिक सवलत देत सुटलेली राज्ये अखेर आपापल्याच तिजोऱ्या रित्या करतात आणि त्या रित्या तिजोऱ्यांतून मग ना शाळा निघते, ना रस्ता.

कोटींचे आकडे ऐकण्यास गोड असतात. पण संसार आकड्यांवर चालत नाही. सत्तरीच्या एखाद्या वाड्यावरचा मुलगा हाती जोडकामाचे हत्यार घेऊन सन्मानाने उभा राहतो की नाही, दहा वर्षांनी तो स्वतः चार जणांना काम देणारा होतो की नाही, आणि मालक बदलला तरी त्याच्या घरची चूल पेटती राहते की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच वाहनउद्योगाची खरी वाढ मोजली गेली पाहिजे. रोप लावणाऱ्याचे छायाचित्र पहिल्या दिवशी निघते; पाणी घालणाऱ्याचे कधीच निघत नाही. आपल्या राज्यकर्त्यांना छायाचित्राचा मोह आवरून पाणी घालण्याचे हे नीरस काम करावयाचे आहे काय, एवढाच आता प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुढच्या मेळाव्यातील भाषणांतून नव्हे, तर पुढच्या कराराच्या मसुद्यातून मिळाले पाहिजे. आणि तो मसुदा मागून घेऊन वाचण्याचा हक्क गोमंतकीय जनतेने यापुढे सोडता कामा नये.